उचलून लावायचं दार

मंगळवार, ३ मार्च

बोल्ट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच फेकून देशील याची मला खात्री आहे, म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूलाच लिहिलंय की बाबा आहेत, पण फार दिवस नाहीत. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

तुझा पत्ता रंगारीकाकांनी दिला. तू दरवर्षी त्यांना एक कार्ड पाठवतोस, हे त्यांनी एकोणीस वर्षं पोटात ठेवलं. आपल्या गॅरेजशेजारच्या शेडमध्ये बसून रोज माझ्या हातचा चहा प्यायचे आणि तुझा विषय निघाला की रंग ढवळायला लागायचे. परवा मी त्यांना पुरतं कोंडीत पकडलं, तेव्हा बोलले. त्यांच्यावर रागावू नकोस.

बाबांना डिसेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली. कंबर आणि मान तर आधीपासूनच आखडलेली होती, आता ते फळीसारखे ताठ झालेत. बोलतात, पण एकेक शब्द शोधून शोधून. त्यात हृदय थकलंय. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलतात, ते मला बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "एप्रिल बघतील. मे महिन्याचं मी काही सांगत नाही."

त्यांना एकच गोष्ट हवी आहे. गाडीत बसून फाटकाबाहेर जायचंय. आपल्या दोन सीटच्या कूपेत. तुला आठवत असेल, तिच्यात शिरायचं म्हणजे आधी मान वाकवायची, मग कंबर, मग गुडघे, आणि एवढं करूनही डोकं छताला आपटायचं. मी आणि रंगारीकाकांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी बाबा इतके कळवळले की काकांनी हातच सोडले. बाबा खुर्चीत बसून छताकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग म्हणाले, "छत काढ."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी परत म्हटलं. छत काढलं तर इंजिन सोडतो तसं त्यांना पट्ट्यात बसवून चेन पुलीने वरून थेट सीटवर सोडता येईल. हिशोब बरोबर आहे, त्यांचं डोकं अजून चालतं. पण हेच छत, बोल्ट्या. याच छतापायी त्यांनी तुला घराबाहेर काढलं.

गाडी उघडी करायचं चित्र तुझं होतं. मासिकातले छत उडवलेल्या हॉट रॉड गाड्यांचे फोटो कापून तू भिंतीला चिकटवायचास, ते अजून तिथेच आहेत, पिवळे पडून. त्यामुळे तुला विचारल्याशिवाय कापणं मला जड जातंय. ये. दोघं मिळून कापू. येणं जमत नसेल तर निदान हो-नाही कळव. मी तयारीला लागते, पण पंचवीस तारखेपर्यंत छताच्या खांबाला हात लावणार नाही.

जे झालं ते झालं. आता माणूस महत्त्वाचं.

ताई


बुधवार, ११ मार्च

बोल्ट्या,

उत्तर नाही. पोस्टमनला मी इतक्यांदा विचारलंय की तो आता फाटकापाशी येण्याआधीच लांबून मान हलवतो.

काम कुठवर आलं ते सांगते. सीट काढल्या, काचा काढल्या, छताचं आतलं कापड काढलं. उंदरांनी त्यात तीन पिढ्या काढल्या असाव्यात. खालचं लाकूड कुजलं होतं, ते फेकून लोखंडी चौकोनी पाइप बसवले. छत असलेली गाडी खोक्यासारखी असते, वरचं झाकण काढलं की बाजू आपापल्या मनाने कुठेही जातात. तो सगळा भार आता खालच्या पाइपांनी पेलायचा आहे. या वेळी बॉडीचे बोल्ट मी स्वतः आवळलेत, दोनदा.

दार तसंच आहे. स्टिअरिंगच्या बाजूचं, दोन सूत, पाव इंच, खाली बसलेलं. एकोणीस वर्षं आम्ही सगळे ते दार हाताने जरा वर उचलूनच लावतो. मला तर एवढी खोड लागलीय की गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीचं दारही मी उचलायला जाते, आणि लोक बघत राहतात. बाबा ते दार लावताना नेहमी एक क्षण थांबायचे. मला वाटायचं, पाठ दुखत असेल.

काल काचेच्या बाजूच्या खांबावरचा रंग खरवडला. खाली बाबांचं जुनं वेल्डिंग निघालं. त्यांच्या हातचं इतकं ओबडधोबड काम मी दुसरं पाहिलेलं नाही. 

ती दुपार मला कालपासून सारखी आठवतेय. तुम्ही दोघं गिऱ्हाइकाकडे गेला होतात. परत आलात तर खांब अर्ध्याहून जास्त कापलेला, बॉडी खचलेली, आणि कापात तुझी लाल पट्टी गुंडाळलेली, लोखंड कापायची हॅक्सॉ अडकलेली. तू बाबांच्या आधी अर्धा तास येऊन परत सिगरेट आणायला गेला होतास, त्यामुळे बाबांना वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. सहा महिने तू छत कापू या म्हणून त्यांच्या मागे लागलेला. त्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली आणि फाटकाकडे बोट दाखवलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फडक्याला हात पुसत होते.

तू एक शब्द का बोलला नाहीस? चोवीस वर्षांचा घोडा होतास, तोंड होतं तुला. खरं सांगते, कधीकधी मला तुझाच राग येतो. तू बोलला असतास तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं.

बाबांचे पाय काल सुजलेले दिसले. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. पंचवीस तारीख जवळ येतेय.

ताई


गुरुवार, १९ मार्च

बोल्ट्या,

मिळालं. पोस्टमनने फाटकातूनच पाकीट उंच करून दाखवलं. मी हातातला चालू ग्राइंडर तसाच घेऊन धावणार होते, काकांनी वायर उपटली म्हणून वाचलो.

एकच कागद. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. गाडीचं बाजूने काढलेलं चित्र, दाराच्या दोन्ही बाजूंना तिरके टेकू, मापं सुतापर्यंत. मडगार्डांवर फुली. बॉनेटच्या बाजू काढून इंजिन उघडं. आणि खाली तीन ओळी: "दारं लावून ठेव. मग टेकू वेल्ड कर, मग काप. घोड्या मध्येही लाव." त्यातल्या 'मध्येही' खाली दोन रेघा.

त्या दोन रेघा मला लागल्या. त्या दिवशी गाडी पुढे एक आणि मागे एक अशा दोनच लोखंडी घोड्यांवर उभी होती, मधे काहीच आधार नव्हता, दारं काढून भिंतीला टेकवलेली. असं असताना खांब कापला की पुढचा भाग खाली येणारच आणि काप पात्याला चावणार. शिकाऊ माणसालाही कळायला हवं. हे मला लिहून कळवायची गरज होती का? असेल.

तू सांगितलंस तसंच केलं. दारं लावली, मधे दोन घोड्या घातल्या, टेकू जोडले. आता गाडी आतून पिंजऱ्यासारखी दिसते. बाबांना तुझा कागद दाखवला. त्यांनी तो डाव्या हातात धरून उन्हाकडे केला, उलटा केला, परत सुलटा केला. मी विचारलं, "कसं आहे?" म्हणाले, "मडगार्ड... राहू दे. चिखल." म्हणजे झटका आला, अर्धं अंग गेलं, तरी तुझ्या चित्रात खोट काढल्याशिवाय त्यांना चैन नाही. मी हसले. तेही हसले, डाव्या बाजूने. मडगार्ड मी काढणारच आहे.

मग त्यांनी काठीने त्यांच्या हिरव्या पेटीकडे दाखवलं. ती पेटी ते कोणाला उघडू देत नाहीत, तुला माहीत आहे. गळ्यातली किल्ली काढून दिली. म्हणाले, "त्याची हॅक्सॉ घे. तिनेच काप."

मी पेटी उघडली. तुझी हॅक्सॉ तेलकट गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती.

पुढचं नंतर लिहिते. आज हात बरा नाही.

ताई


शनिवार, २१ मार्च

बोल्ट्या,

हात बरा होता. खोटं लिहिलं.

हॅक्सॉला पातं कसं लावतात हे तुला सांगायला नको, पण आता लिहायचंच तर सगळं लिहू दे. दाते समोरच्या बाजूला. ढकलताना कापायचं, ओढताना नुसतं मागे आणायचं. सगळे असंच लावतात, तूही. फक्त मी उलटं लावते. बारा वर्षांची असताना ढकलायला जोर पुरायचा नाही, म्हणून दाते माझ्याकडे करून ओढून कापायची सवय लागली, ती गेलीच नाही. बाबा म्हणायचे, "उलट्या खोपडीची आहे कार्टी." माझ्यानंतर कोणी हॅक्सॉ उचलली की आधी शिव्या घालायचा आणि मग पातं फिरवायचा. तू किती वेळा फिरवलं असशील.

गोणपाट सोडलं. पातं जुनंच, मधे मुरडलेलं, गंजलेलं. दाते माझ्याकडे.

खांब मी कापला, बोल्ट्या.

हे तुला माहीत आहे. तू सिगरेट आणायला जाण्याआधी गाडीपाशी उभा राहिला होतास, तुला पातं दिसलं असणार. मग तू माझ्याकडे पाहिलंस, बाबा आले तेव्हा परत पाहिलंस, म्हणजे दोनदा मला संधी दिलीस. मी हात पुसत राहिले. हातांना काहीही लागलेलं नव्हतं.

का कापला तेही ऐक. त्या गाडीचा पत्रा सगळा मी ठोकलेला होता. सहा महिने तुम्ही दोघं भांडत होतात, छत काढायचं की नाही, आणि मला एकानेही विचारलं नाही. जेवताना तुम्ही बोलायचात आणि मी वाढायची. मला वाटलं, तुम्ही परत याल तेव्हा छत खाली उतरवलेलं असेल, रेघ सरळ असेल, आणि दोघांची तोंडं बंद होतील. घाईत घोड्या पाहिल्या नाहीत. एवढा पत्रा जन्मभर ठोकूनही मला आधार बघायचं सुचलं नाही, याची लाज मला कापल्यापेक्षाही जास्त वाटत होती. खांब करकरला, बॉडी खाली बसली, पातं अडकलं. ओढलं, निघेना. माझी हॅक्सॉ मोडलेली होती म्हणून तुझी घेतली होती. त्यात तुझ्यावर आळ घालायचा डाव नव्हता. पण आळ आला तेव्हा मी तो येऊ दिला.

अकरा तारखेच्या पत्रात मी तुलाच दोष दिला, तू का बोलला नाहीस म्हणून. ते वाचून तू काय केलं असशील कोण जाणे. ते पत्र फाडून टाक.

आणि आता कळतंय की बाबांनाही माहीत होतं. त्यांनी ती हॅक्सॉ तशीच जपून ठेवली, एकोणीस वर्षं, गळ्यात किल्ली घालून. मग मला का काही बोलले नाहीत? आणि तुला परत का बोलावलं नाही? विचारायचं धाडस होत नाही. मी हे बाकावर बसून लिहितेय आणि ते दारात खुर्चीवर बसून माझ्याकडे बघतायत. परवापासून आम्ही दोघं फक्त औषधांविषयी बोलतोय.

आता यायचं नसेल तर येऊ नकोस. पण हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि फार उशिरा कळवतेय.

ताई


शुक्रवार, २७ मार्च

बोल्ट्या,

परवा कापलं. पण आधी विचारलं.

सकाळी हॅक्सॉ घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मी होते." ते म्हणाले, "हो." एवढंच. मी तिथेच घोडीवर बसले.

पुढचं त्यांच्याच शब्दांत देते. एकेक शब्दाला वेळ लागत होता.

"संध्याकाळी... जॅक लावला. वर केलं. हॅक्सॉ सुटली. बघितलं."

"मग?"

"स्टँडवर गेलो. पळत. बस... गेली होती."

ते तुझ्यामागे गेले होते, बोल्ट्या. त्याच संध्याकाळी. मला म्हणाले होते, वेल्डिंगच्या सळ्या आणायला जातोय. रिकाम्या हातांनी परत आले आणि मी विचारलंही नाही.

मी म्हटलं, "मला का नाही बोललात?"

"वाट बघितली. तू बोलशील."

"एकोणीस वर्षं?"

"तू पण," ते म्हणाले. मग बराच वेळ श्वास जुळवत बसले. "त्याला शोधायचं, लिहायचं... तर तुझं लिहावं लागलं असतं. एक घालवला होता. दुसरी..." आणि डावा हात हवेत हलवला.

मला त्यांचा भयंकर राग आला. मला वाचवण्यासाठी तुला तिकडे कुजत ठेवलं, आणि वर रोज ते दार उचलून लावत राहिले. त्यांनी मला एकदा धरून बडवलं असतं तर आपण तिघं सुटलो असतो. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "हो." मग मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. पंचेचाळीस वर्षांची बाई, अंगात चामडी एप्रन. रंगारीकाका दारापर्यंत आले आणि आल्या पावली परत गेले.

मग कापलं. दाराच्या फटीत चारी बाजूंना काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे तुकडे अडकवले. फट मिटायला लागली तर पुठ्ठा चेमटेल. खांबांचा बराचसा भाग ग्राइंडरने, शेवटची दोन बोटं हाताने, तुझ्या हॅक्सॉने. पातं नवीन घातलं, माझ्या पद्धतीने. बाबा खुर्चीत बसून नुसत्या आवाजावर लक्ष ठेवून होते. आवाज बदलला की काठी आपटायचे, मी थांबायची, पुठ्ठे तपासायची, परत ओढायची. मागचे दोन खांब ठीक गेले. पलीकडचा पुढचा गेला. शेवटी तो राहिला, जुन्या वेल्डिंगचा.

अर्ध्यात करकर झाली. अगदी तोच आवाज. पातं तिथेच सोडून मी मागे झाले. खरं सांगायचं तर पळून जायच्या बेतात होते. बाबांनी काठी दोनदा आपटली. म्हणाले, "बघ. खाली नाही. वर."

पुठ्ठा चेमटला नव्हता. खालचा पुठ्ठा सुटून जमिनीवर पडला होता. जुनं वेल्डिंग सुटल्याबरोबर दबून बसलेला भाग मोकळा झाला आणि जॅकने हळूहळू वर घेतल्यावर दार आपल्या जागेवर आलं. दोन सूत. मी खांब आतून पाइप घालून पक्का केला आणि दुपारी चेन पुलीने छत उचलून अंगणात ठेवलं. उलट्या कढईसारखं पडलंय. काका म्हणतात, त्यात पाणी भरून म्हशी धुता येतील.

बाबा थकलेत. कालपासून झोपूनच आहेत.

ताई


शनिवार, ४ एप्रिल

बोल्ट्या,

बाबा बसले.

मंगळवारी पट्ट्यात घालून वर घेतलं. साखळी मी ओढत होते, काका त्यांचे पाय सांभाळत होते. एवढं लोखंड उचललं आजवर या पुलीने, बाबांना उचलताना साखळीवर वजनच आलं नाही. वर अधांतरी असताना ते म्हणाले, "इंजिन... चालू आहे का?" काका म्हणाले, "ठोके देतंय अजून." मग हळूहळू सीटवर सोडलं. शेजारच्या सीटवर. स्टिअरिंग हवं म्हणून रुसले होते, पण त्याबाबत मी त्यांचं काही ऐकणार नाही.

गाडी अर्धवट आहे. रंग नाही, पुढची काच नाही, मडगार्ड नाहीत, इंजिन उघडं. तुझ्या चित्रातल्यासारखीच, फक्त देखणी नाही. फाटकाबाहेर काढली आणि विचारलं, "कुठे?" मला वाटलं, नदीकडे म्हणतील, किंवा नुसती एक चक्कर.

ते म्हणाले, "स्टँड."

तेव्हापासून रोज जातोय. तुझ्या बाजूची बस साडेबाराला येते, आम्ही सव्वाबारालाच बाकांसमोर गाडी लावून बसतो. बस थांबली की बाबा एकेक माणूस उतरताना पाहतात. बंद गाडीत त्यांना मान वळवता आली नसती. सगळे उतरले, कंडक्टरने दार लावलं, की म्हणतात, "चल."  पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, तो येतोय असं त्याने कळवलेलं नाही." म्हणाले, "माहीत आहे."

स्टँडवरचे लोक आता ओळखतात. फळवाला छत्री आणून देतो. परवा एका बाईने विचारलं, कोणाची वाट बघता. बाबांनी सांगितलं, "मुलाची. मी... उशिरा आलो होतो." ती बिचारी घड्याळ बघून म्हणाली, नाही काका, बस यायची आहे अजून.

डॉक्टरीणबाई हे ऐकून चिडल्या. उन्हात बसवू नका म्हणाल्या. बाबांनी ऐकून घेतलं आणि साडेअकराला काठी आपटायला लागले. त्यांचा श्वास कालपासून वरच्यावर चाललाय. दोन वाक्यांच्या मधे मी मोजते. हे किती दिवस चालेल मला माहीत नाही. मी तुला माझ्यासाठी बोलावत नाहीये. मला माफ कर म्हणून तर अजिबात नाही. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्या बसमधून उतर.

गाडीत दोनच सीट आहेत. तू आलास तर मी चालत येईन.

ताई


सोमवार, १३ एप्रिल

बोल्ट्या,

तू आत बाबांना भरवतोयस आणि मी बाहेर बाकावर बसून तुला पत्र लिहितेय. काका बघून म्हणाले, तुमच्या घरात कोणी सरळ काही करत नाही. पण तोंडाने मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे.

गुरुवारी तू उतरलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. बाबांनी ओळखलं. बसमधून चौथा माणूस उतरला आणि ते काठी शोधायला लागले, जणू उठून उभे राहणार होते. तू गाडीपाशी आलास, बॅग खाली ठेवलीस. ते म्हणाले, "बस गेली होती." तू म्हणालास, "ताईने लिहिलं." मग तू त्यांच्या डोक्यावर हात ठेवलास, ते आपल्या लहानपणी ठेवायचे तसा, आणि मी खाली उतरून लांब जाऊन उभी राहिले.

तू माझ्याशी काही बोलला नाहीस. स्टिअरिंगवर बसलास. दार लावताना तू ते वर उचललंस, मी आधीच्या पत्रात लिहिलं होतं तसं, आणि ते वरच्या चौकटीला खणकन आपटलं. तू दाराकडे पाहिलंस. परत उघडलंस आणि एका बोटाने लावलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. या वेळी मी हात पुसत नव्हते. माझ्या हातात तुझी बॅग होती.

तुम्ही दोघं पुढे गेलात आणि मी बॅग घेऊन चालत आले. पावणेदोन मैल. बॅग जड होती. मला ते बरं वाटलं.

आज पाच दिवस झाले. "मीठ दे", "डॉक्टर किती वाजता", "दहाचा पाना कुठे", एवढंच आपलं बोलणं. तू रोज त्यांना गाडीत बसवून नेतोस, परत आणतोस, त्यांच्या शेजारी झोपतोस. ते तुला बघताना मी दारातून बघते. त्यांचं आता थोडंच राहिलंय, आणि ते शांत आहेत. तू माझ्यावर चिडलेला असशील तर ते बरोबरच आहे. तू जाताना हे पत्र बॅगेत टाकावं म्हणून मी लिहायला बसले होते. त्यात लिहायचं होतं की मी काहीही मागत नाही.

पण सकाळी वेगळंच झालं, म्हणून तेच लिहिते.

पुढच्या काचेच्या चौकटीचा पाइप कापायचा होता. तुझी लाल पट्टीची हॅक्सॉ खिळ्याला टांगलेली होती. मी ठेवलेलं पातं त्यात नव्हतं, दुसरं कोरं पातं होतं. काल संध्याकाळी तू इथे काहीतरी करत होतास, मी आवाज ऐकला होता. म्हटलं, फिरवलं असेल सरळ, नेहमीसारखं. पातं काढून उलटं लावायला म्हणून मी मागची चावी ढिली केली, आणि दाते बोटाला लागले.

ते माझ्याकडेच होते.

मी चावी परत आवळली आणि पाइप कापला. रेघ सरळ आलीय. चौकट गाडीवर धरून बघितली, पण धरून वेल्ड करायला दोन हात कमी पडतात. बाबांचं भरवून झालं की बाहेर ये.

ताई